मथुरा भवनातला संसार

परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा चित्रपट २००९ साली ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून निवडला गेला आणि जानेवारी २०१० मध्ये चित्रगृहांत लागला. तेव्हा त्याची ओळख बहुतेकांनी एकाच वाक्यात करून दिली: दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' कसा केला, त्याची ही गोष्ट. ओळख खरी आहे, पण अर्धी आहे. रंगभूमीवरून आलेल्या दिग्दर्शकाचा हा पहिला चित्रपट, बड्या निर्मितीसंस्थेच्या आधाराशिवाय सुरू झालेला, आणि त्याचा जीव एका नवरा-बायकोच्या संसारात आहे. नंदू माधव यांचे फाळके आणि विभावरी देशपांडे यांच्या सरस्वतीबाई यांच्यामध्ये जे घडतं ते बाजूला काढलं, तर उरतो तो एका छंदिष्ट माणसाच्या धडपडीचा तपशील. मोकाशींनी बापू वाटवे यांच्या फाळके-चरित्रातून प्रेरणा घेतली, पण चरित्रनायकाच्या शेजारी त्याचं घरही त्यांनी उभं केलं. ही निवड केवळ गोडव्यासाठी केलेली नाही, तिला इतिहासाचा आधार आहे, असं माझं म्हणणं आहे. आपल्याकडे चित्रपटाचा धंदा पहिल्यांदा उभा राहिला तो दादरच्या एका राहत्या घरात, घरातल्या माणसांच्या बळावर. त्या घराचा हिशेब मांडल्याशिवाय हा धंदा इथे कसा रुजला हे नीट कळत नाही.

आधी पैशाचं बघू. धुंडिराज गोविंद फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले, गोध्र्याला छायाचित्रांचा व्यवसाय केला, पुरातत्त्व खात्यात आरेखकाची नोकरी धरली आणि स्वदेशीच्या वाऱ्यात ती सोडली. मग छापखाना काढला, त्यासाठी १९०९ साली जर्मनीला जाऊन आले आणि भागीदारांशी न पटल्यामुळे तोही सोडला. १९१०-११ च्या सुमारास गिरगावात येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून त्यांच्या डोक्यात रामकृष्ण हलू लागले, तेव्हा त्यांचं वय चाळिशीत होतं आणि हातात नियमित मिळकत नव्हती. अशा माणसाला सावकार उभा करत नाही, पेढी तर नाहीच. ज्याच्या जोरावर कर्ज मिळालं ती त्यांच्या आयुष्याच्या विम्याची पॉलिसी होती. ती तारण ठेवून छायाचित्रणाच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांच्याकडून सुमारे १०,००० रुपये मिळाले. विम्याची पॉलिसी कोणासाठी असते? कर्ता माणूस गेला तर मागे राहिलेल्या बायकामुलांसाठी. म्हणजे या धंद्यातलं पहिलं भांडवल सरस्वतीबाई आणि मुलांच्या उद्याच्या निर्वाहाचं होतं. पुढे त्यांचे दागिनेही गेले. घरातली चीजवस्तू एकेक करून बाहेर पडताना चित्रपटात दिसते, आणि तो विनोदासाठी घातलेला प्रसंग वाटतो. त्यातला आर्थिक अर्थ मात्र नेमका आहे: बाजाराने नाकारलेली जोखीम घराने पत्करली होती.

त्याआधी डोळ्यांचं प्रकरण झालं होतं. दिवसाकाठी जमतील तितके चित्रपट पाहणं, रात्री उजेडाशी खेळत प्रयोग करणं, झोप नाही, अशा महिन्यांनंतर फाळक्यांची दृष्टी जवळजवळ गेली. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी ती परत आली. व्यवहारी घराने तिथेच हा नाद मिटवला असता. आप्तेष्टांनी तो मिटवण्याचा सल्लाही दिला. पण ख्रिस्ताचा चित्रपट दुसऱ्यांदा पाहायला फाळके पत्नीला घेऊन गेले होते, आणि या उद्योगात पत्नीची संमती सुरुवातीपासून होती असं चरित्रं सांगतात. १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तिथे 'बायोस्कोप' या साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ यांचा वॉल्टनचा स्टुडिओ पाहिला, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा ५० पौंडांना घेतला, फिल्मला भोकं पाडण्याचं यंत्र घेतलं आणि १ एप्रिलला परत आले. त्याच दिवसाशी 'फाळके फिल्म्स'ची स्थापना जोडली जाते. पुढे दादरच्या मेन रोडवर 'मथुरा भवन' ही जागा घेतली, तिथे बिऱ्हाड होतं आणि तिथेच स्टुडिओ.

आता मथुरा भवनात नेमकं काय होत असे ते बारकाईने पाहायला हवं, कारण माझा मुख्य पुरावा तिथे आहे. त्या काळी कच्ची फिल्म परदेशातून येई ती कडेला भोकं नसलेली. कॅमेऱ्याच्या दातांत ती अडकून सरकायची तर दोन्ही कडांना सारख्या अंतरावर भोकं हवीत, आणि ती पाडायची अंधारात, जवळजवळ हाताच्या स्पर्शावर. अंतर केसभर चुकलं तरी पडद्यावर चित्र थरथरतं. चित्रण झालं की ती फिल्म रसायनांत धुवायची, पाण्यातून काढायची, सुकवायची, तिच्यावरून दुसरी प्रत काढायची, आणि हे सगळं नायट्रेटच्या फिल्मशी, जी ठिणगी लागताच भडकते. फाळक्यांना हे काम लंडनच्या वारीतून आणि पुस्तकांतून आलेलं होतं. भोवती ते येणारं कोणीही नव्हतं. पगार दिला तरी माणूस मिळणार कुठून? म्हणून त्यांनी ते घरात शिकवलं. सरस्वतीबाई भोकं पाडायला शिकल्या, कॅमेऱ्यात फिल्म भरायला शिकल्या, रसायनं कालवायला आणि फिल्म धुवायला शिकल्या. दिवसभराचं स्वयंपाकपाणी आटोपल्यावर रात्री हे काम चाले. पहिला प्रयोग होता कुंडीतल्या वाटाण्याचा. अंकुर फुटून वेल वाढेपर्यंत रोज थोडं थोडं चित्रण करून मिनिटाभरात तो वाढताना दाखवला, आणि तो पाहून पैसे लावणाऱ्यांना धीर आला. त्या फिल्मची निगा घराच्या दिनक्रमातच राखली गेली. रोज न चुकता तेच काम, तितक्याच काळजीने, महिनाभर: हा स्वभाव कारखान्यात शिस्तीने आणावा लागतो, तिथे तो आधीच होता.

यावर पहिला आक्षेप असा येईल की घराला इतकं महत्त्व देण्याचं कारण नाही. फाळक्यांच्या आधी दादासाहेब तोरणे यांचा 'पुंडलिक' १८ मे १९१२ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रगृहात लागला होता, आणि त्यामागे असं कुठलं घर नव्हतं. आक्षेप रास्त आहे, आणि त्याच्यातूनच माझा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. 'पुंडलिक' हे रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रण होतं. कॅमेरा चालवणारा माणूस परदेशी होता, आणि फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवली गेली. तोरण्यांचं कर्तृत्व त्यामुळे कमी होत नाही. पुढच्या काळात चित्रपटाच्या यंत्रसामग्रीच्या व्यापारात आणि निर्मितीत त्यांनी मोठं काम केलं. परंतु १९१२ च्या त्या एका चित्रपटातून इथे कोणाच्या हातात विद्या आली नाही, कारण विद्येचा भाग बोटीने लंडनला जाऊन परत आला. फाळक्यांचा हट्ट होता की कच्च्या फिल्मपासून पडद्यापर्यंतचं प्रत्येक काम इथल्या माणसाने, इथे करायचं. स्वदेशीचा हा हट्ट त्यांनी नोकरी सोडताना धरला होता, तोच पुढे चालू होता. त्या हट्टाची किंमत कोण चुकवणार, हा प्रश्न 'पुंडलिक'ने टाळला आणि 'राजा हरिश्चंद्र'ने घरावर टाकला. पहिला चित्रपट कोणता यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. धंदा कुठून सुरू झाला याचं उत्तर मला तरी मथुरा भवनातच दिसतं, कारण एकापाठोपाठ एक चित्रपट करणारी माणसं तिथे तयार झाली.

संसार इथे नुसता नवरा-बायकोचा नव्हता. मराठी नाटक मंडळ्यांमध्ये नट, पडदेवाले, आचारी सगळे कंपनीच्या बिऱ्हाडात एकत्र राहत आणि एका पंगतीत जेवत. सरस्वतीबाई माहेरच्या करंदीकर, आणि किर्लोस्कर नाटक मंडळीच्या मालकांशी त्यांचं जवळचं नातं होतं. तेव्हा पाच-पन्नास माणसांचं रांधणं आणि कलावंतांचे रुसवेफुगवे सांभाळणं हे त्यांच्या ओळखीच्या जगातलं असणार, असा अंदाज करायला हरकत नाही. 'राजा हरिश्चंद्र'च्या चित्रणात साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्या देखरेखीखाली होई. माणसं टिकवायला हा स्वयंपाक पगाराइतकाच आवश्यक होता, कारण सिनेमात काम करतो असं सांगायची सोय कोणाला नव्हती. घरी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरी लागली असं सांगा, अशी तोड त्यावर काढलेली होती, आणि मोकाशींच्या चित्रपटाचं नाव तिथूनच आलं आहे. स्त्रीभूमिकेसाठी एकही बाई मिळेना. कलावंतिणींनीही नकार दिला. तारामती तूच कर, असं फाळक्यांनी पत्नीला म्हटल्याचं सांगतात, आणि मग बाकीचं सगळं कोण करणार, असं त्यांचं उत्तर होतं म्हणतात. उत्तराचे नेमके शब्द काही असोत, परिस्थिती तशीच होती: नायिका होण्यासाठी त्यांना मोकळीक देता आली नसती, कारण त्यांच्या जागी ठेवायला माणूस नव्हता. अखेर ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. रोहिदासासाठी, ज्याला पडद्यावर मरायचं होतं असा मुलगा कोणते आईबाप देणार? तिथे फाळक्यांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र उभा राहिला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला, आणि ३ मे रोजी कोरोनेशनमध्ये चित्रपट लोकांसाठी लागला. सुमारे ३,७०० फूट लांबीची ती फिल्म म्हणजे घरातल्या चार भिंतींतून बाहेर पडलेला माल होता.

घर या धंद्याच्या किती मुळाशी होतं हे लगेचच्या चित्रपटातही दिसतं. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये पडद्यावर पहिल्यांदा स्त्रिया आल्या, आणि त्या एकट्या आल्या नाहीत: पार्वती झालेल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झालेल्या त्यांच्या कन्या कमलाबाई. आई बरोबर असल्यामुळे मुलीचं पडद्यावर येणं शक्य झालं. कमलाबाई पुढे गोखल्यांच्या घरात गेल्या. त्यांचे चिरंजीव चंद्रकांत गोखले आणि नातू विक्रम गोखले यांना मराठी प्रेक्षकाने कितीतरी वर्षं पाहिलं. १९१८ च्या 'श्रीकृष्णजन्म'मध्ये आणि १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झाली ती फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. 'कालिया मर्दन'च्या सुरुवातीला तिचा चेहरा जवळून दाखवला आहे, आणि राग, हसू, रुसवा असे भाव ती एकामागून एक करून दाखवते. मूकपटांच्या काळातलं आपल्याकडे जे थोडं वाचलं आहे त्यात हे तुकडे मला सर्वांत मोलाचे वाटतात. त्यांत अभिनयाचं शिक्षण दिसतं, आणि ते देणारा दिग्दर्शक त्या मुलीचा बाप आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. विणकर, कुंभार, सोनार या सगळ्यांकडे बायकामुलं कामाला असतातच. मग फाळक्यांच्या घरात असं वेगळं काय होतं? शिवाय सरस्वतीबाईंना आज पहिल्या महिला तंत्रज्ञ म्हणून पुढे आणणं ही आजच्या दृष्टीची भर नव्हे काय? पहिल्या भागाला उत्तर असं की कारागिराच्या घरात विद्या पिढीजात असते आणि नवी सून ती सासूकडून उचलते. इथे विद्या परकी, यंत्र परकं, रसायनं परकी, आणि ती आत्मसात करणारी बाई स्वतःच या घरातली पहिली पिढी. परंपरेने दिलेलं काम ती करत नव्हती. परंपरेत नसलेलं काम तिने परंपरेच्या कामांवर चढवून घेतलं. दुसऱ्या भागाबद्दल मी सावध आहे. सरस्वतीबाईंनी चित्रपटाची कल्पना केली, संहिता रचली, दृश्य मांडलं असा दावा करायला आधार नाही, आणि ते सारं फाळक्यांचंच होतं. त्यांचं डोकं, त्यांचा हात, जादूच्या प्रयोगांतून आलेली त्यांची चमत्काराची समज यांच्याशिवाय 'लंकादहन'मधली लंका जळाली नसती. पण कल्पना आणि वस्तू यांच्या मधलं अंतर श्रमाने भरलं जातं. त्या श्रमाचा मोठा वाटा कोणी उचलला हे सांगणं ही आजची भर नाही, जमाखर्च पुरा करणं आहे. १९६९ पासून फाळक्यांच्या नावाने चित्रपटातला सर्वोच्च पुरस्कार दिला जातो आणि ते योग्यच आहे. त्या नावामागचं घर मात्र शालेय पुस्तकांत एखाद्या ओळीचं धनी असतं.

मोकाशींच्या चित्रपटाचं श्रेय इथे मोठं आहे. भूतकाळावरचे आपले चित्रपट बहुधा वेशभूषेत आणि भाषणात अडकतात. त्यांनी काळ उभा केला तो कामातून: कंदील, पाट, कुंडी, अंधारी खोली, मिशी काढायला तयार नसलेले नट. वडील हयात असताना मिशी उतरवायची नाही, या समजुतीपायी स्त्रीभूमिका अडून बसते, आणि त्या एका अडचणीतून नात्यांचा केवढा पसारा या धंद्याच्या आड उभा होता ते कळतं. तरीही चित्रपटाबद्दल माझी एक गंभीर तक्रार आहे. त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रसन्न सूर धरला आहे, आणि त्या सुरात सरस्वतीबाईंची संमती फार सहज मिळते. त्यांना कधी भीती वाटली असेल, राग आला असेल, मुलांच्या जेवणाची चिंता पडली असेल, तर ती हसण्यात विरून जाते. समर्थक म्हणतील की फाळके स्वतः आनंदी वृत्तीचे होते आणि हालअपेष्टांची रडगाणी चित्रपटांत पुष्कळ झाली आहेत. हे मान्य. पण विम्याची पॉलिसी तारण ठेवणाऱ्या घरात एक तरी रात्र बिनझोपेची गेली असणारच, आणि ती रात्र दाखवली असती तर प्रसन्नतेचं मोल वाढलं असतं. चित्रपटाचा हा दोष काही एकट्या मोकाशींचा नाही. फाळक्यांनी १९१७-१८ साली 'नवयुग' मासिकात लिहिलेल्या लेखांपासून पुढे सगळी कथा त्यांच्याच दृष्टीने सांगितली गेली, आणि पत्नीचा उल्लेख तिथे कृतज्ञतेचा आहे. कृतज्ञतेत तक्रारीला जागा नसते.

दुसरी मर्यादा कालमर्यादेची आहे. चित्रपट यशाच्या आणि पहिल्या परदेशी कौतुकाच्या आसपास थांबतो. घराचा आणि धंद्याचा खरा पेच त्यानंतर सुरू झाला. बिऱ्हाड नाशिकला हललं, १९१४ च्या महायुद्धाने कच्ची फिल्म आणि पैसा दोन्ही आटले, १९१७ च्या 'लंकादहन'ने पुन्हा पैसा आणला. साळुंक्यांनी त्यात राम आणि सीता दोघंही केले होते. गल्ल्याची नाणी बैलगाडीतून न्यावी लागत, असं त्या चित्रपटाबद्दल सांगतात. असा पैसा दिसला की भागीदार येतात. १ जानेवारी १९१८ रोजी वामन श्रीधर आपटे, मायाशंकर भट्ट आदी भागीदारांसह हिंदुस्थान फिल्म कंपनी सुरू झाली. कंपनीला वेळेचा आणि खर्चाचा हिशेब हवा होता, शिकलेली माणसं हवी होती, एका माणसावर अवलंबून राहणं नको होतं. या मागण्या चुकीच्या नव्हत्या. पण फाळके ज्या रीतीने काम करत आले होते तिच्यात चूल आणि प्रयोगशाळा यांच्यात दार नव्हतं, खर्चाची वही नव्हती, आणि मालक म्हणजे घरचा कर्ता. १९१९-२० च्या सुमारास ते कंपनीतून बाहेर पडून काशीला गेले आणि तिथे 'रंगभूमी' नाटक लिहिलं. १९२२ मध्ये परत आले ते त्याच कंपनीत निर्मितीप्रमुख म्हणून. हट्टी स्वभाव हे या फाटाफुटीचं कारण सांगितलं जातं, आणि स्वभावाचा भाग होताच. छापखान्यातही तेच झालं होतं. मात्र स्वभावापाशी थांबलं की रचना सुटते. ज्या घराने जोखीम घेतली त्याला कंपनीच्या करारात वाटा कसा द्यायचा, याचं साधन तेव्हाच्या भागीदारीच्या कायद्यात आणि व्यवहारात नव्हतं. पॉलिसी, दागिने आणि रात्रीचं काम यांचे शेअर निघत नाहीत.

घरातून सुरू झालेला धंदा घराबाहेर टिकत नाही, असा निष्कर्ष यावरून कोणी काढील, तर कोल्हापूरचं उदाहरण आडवं येतं. बाबूराव आणि आनंदराव पेंटर हे नात्याने भाऊ, नाटकांचे पडदे रंगवणारे. आनंदराव १९१६ मध्ये गेले, आणि बाबूरावांनी कॅमेरा घडवण्याचं काम शिष्य विष्णुपंत दामले यांच्या मदतीने तडीस नेलं. बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला भांडवल दिलं ते तानीबाई कागलकर या गायिकेने. म्हणजे इथेही पहिला आधार पेढीचा नव्हता. फरक असा की या कंपनीत गुरु-शिष्याचं नातं कुटुंबाच्या जागी आलं. दामले, फत्तेलाल, शांताराम तिथे शिकले आणि १९२९ साली बाहेर पडून त्यांनी 'प्रभात' ही स्वतःची कंपनी काढली. विद्या घराच्या रक्तात न राहता उमेदवारांच्या हातात गेली. नाशिकला फाळक्यांच्या हाताखालीही माणसं तयार झाली, परंतु फाळक्यांच्या शाळेतून वेगळी झालेली, तितक्या तोलाची संस्था निघाली नाही. हे का, याचं एक उत्तर मला घरातच सापडतं. शिष्य एक दिवस गुरूचं घर सोडतो हे सगळ्यांना मान्य असतं. घरच्या माणसाने घर सोडणं म्हणजे फूट, आणि तिची भीती कर्त्या पुरुषाला विद्या वाटू देत नाही.

फाळक्यांनी बोलपटाच्या काळात कोल्हापूर सिनेटोनसाठी 'गंगावतरण' केला तो १९३७ साली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते वारले. १९१८ ते १९४४ ही सव्वीस वर्षं मराठी पडद्यावर अजून कोणी उभी केलेली नाहीत. ती करायची तर 'फॅक्टरी'चा प्रसन्न सूर पुरणार नाही. कंपनीचे करार, काशीचं बिऱ्हाड, मोठी होत गेलेली मुलं आणि मिळकत आटत गेलेलं घर यांची कथा त्या घरातल्या बाईच्या बाजूने लिहावी लागेल, आणि तिच्या तोंडी नुसती संमती देऊन भागणार नाही.